आमच्या आक्काचं लॅटिन

माझी थोरली बहीण सारिका लॅटिन शिकवते. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "बहीण काय करते?" तर मी एवढंच सांगतो आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहतो. पहिल्यांदा मी हे आमच्या लीलाबाई मावशीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "सॅटिनचं व्हय? मंग माझं एक पोलकं शिवून दे म्हनावं." आमच्या कंपनीतल्या एका इंजिनिअरला ते 'लॅटिन डान्स'चे, म्हणजे नाचाचे क्लास वाटले. मी दोघांनाही नीट समजावलं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचे लोक बोलायचे ती ही भाषा. आज कुणाच्या घरात ती बोलत नाहीत, पण झाडांची, औषधांची, शरीरातल्या हाडांची नावं अजून तिच्यातूनच येतात. आणि ती भाषा टाकवे बुद्रुकच्या बजरंग आबांची मुलगी कामशेतला शिकवते, तीही मराठीतून.

आक्काला लहानपणापासून शब्दांची खोड होती. आबा म्हशीची धार काढत असायचे आणि ही शेजारी उभी राहून विचारायची, "आबा, म्हैस, तर म्हशीला. मग बस, तर बशीला का नाही?"

आबा धार न थांबवता म्हणायचे, "बशीत चा पित्यात. बशीत बसून तळेगावला जाशील का?"

आम्ही सगळे हसायचो. तिला मात्र उत्तर हवं असायचं. शाळेतल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, बस हा आपला शब्द नाही म्हणून. त्यावर आक्का म्हणाली, "मोटार तरी कुठं आपली आहे? आपण मोटारीत बसतोच की." बाईंनी तिला खाली बसवलं.

हीच खोड पुढे तिचा पोटापाण्याचा धंदा झाली. तळेगावला कॉलेज, पुण्याला मराठीत एम. ए., मग बी. एड. वडिवळ्याच्या अमृतशी लग्न झालं. अमृतदाजींची भातशेती, धरणाच्या खालच्या अंगाला. बोलणं कमी आणि काम जास्त असा माणूस. आक्का कामशेतच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवू लागली. व्याकरणात ती इतकी कडक, की मुलं तिला मागून 'विभक्तीबाई' म्हणायची. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

लॅटिन तिच्या आयुष्यात आलं ते लोणावळ्यात. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाला गेली होती. जेवणाच्या सुट्टीत वाचनालयात डोकावली, तर फळ्यावर एक चिठ्ठी लावलेली: "लॅटिन शिकवतो. दर रविवारी सकाळी, भांगरवाडी. फी नाही. आळस चालणार नाही." खाली नाव, दीनानाथ कर्णिक.

कर्णिक सर तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होते. तरुणपणी मुंबईत कॉलेजात लॅटिन शिकले, मग तेच शिकवू लागले. पुढे विद्यार्थी आटले, विषय बंद पडला आणि सरांनी नोकरीची उरलेली वर्षं इंग्रजी शिकवून काढली. पण जीव लॅटिनमध्येच अडकलेला. निवृत्त होऊन लोणावळ्याला आल्यावर त्यांनी आणि शैलाकाकूंनी आपल्या फ्लॅटचा पुढचा हॉल दर रविवारी मोकळा करायचं ठरवलं. सर शिकवायचे, काकू चहा करायच्या आणि कुणाचं पाठांतर चुकलं तर स्वयंपाकघरातून दुरुस्त करायच्या. ऐकून ऐकून त्यांना सगळं पाठ झालेलं.

आक्का पहिल्या दिवशी नुसतं बघायला म्हणून गेली, ती चिकटलीच. माहेरी आली तेव्हा मला म्हणाली, "सत्यम, अरे त्यांनाही विभक्त्या आहेत! प्रथमा, द्वितीया, षष्ठी, सगळं. प्रत्यय शब्दाच्या शेवटी, अगदी आपल्यासारखे. आणि त म्हणजे त. ट नाही. सर म्हणाले, तुझी जीभ लॅटिनला बरोबर बसते."

मग दर रविवारी कामशेतहून लोणावळ्याला. गाडीत बसून पुटपुटायची, "नाउता, नाउताम, नाउताइ." नाउता म्हणजे खलाशी. शेजारच्या बायकांना वाटायचं, बाई जप करते. अमृतदाजी रविवारचा स्वयंपाक करायला शिकले. त्यांची भाजी खारट व्हायची, पण आक्काने एक रविवार चुकवला नाही.

वर्ष-दीड वर्ष छान गेलं. सरांकडे आक्का धरून पाच जण होते. त्यांत तळेगावचा पवन होता, औषधशास्त्र शिकणारा. औषधांची नावं कुठून येतात ते कळावं म्हणून यायचा. आणि मग तो धडा आला. लॅटिनने ग्रीकमधून उसने घेतलेले शब्द आणि त्यांच्या विभक्त्या.

त्या रविवारचं आक्काने मला इतक्यांदा सांगितलंय की मी स्वतः तिथं बसलो होतो असं वाटतं. सरांनी फळ्यावर धूमकेतू लिहिला. म्हणाले, "हा शब्द ग्रीकांचा. लॅटिनमध्ये तो दोन तऱ्हांनी चालतो. 'कोमेता' म्हटलं तर तो आपल्या नाउतासारखा. द्वितीया, कोमेताम. 'कोमेतेस' म्हटलं तर ग्रीक वळण. द्वितीया, कोमेतेन."

पवनने विचारलं, "सर, यातलं बरोबर कुठलं?"

"दोन्ही."

"परीक्षेत कुठलं लिहायचं?"

"इथं परीक्षा नाही. दोन्ही बरोबर."

मग सरांनी 'पोएमा' लिहिला, म्हणजे कविता. हा दिसतो नाउतासारखा, पण चालतो वेगळाच. षष्ठीत त्याच्या पोटातला त बाहेर येतो, पोएमातिस. आणि "कवितांना" म्हणायचं तर पोएमातिबुस म्हणा किंवा, ति लांबवून, पोएमातीस म्हणा. पुन्हा दोन्ही बरोबर. शेवटी खुद्द 'व्याकरण' या शब्दाची पाळी आली. तोही ग्रीकच. ग्रामातिका म्हटलं तर षष्ठी ग्रामातिकाइ. ग्रामातिके म्हटलं तर ग्रामातिकेस.

आक्का चिडली. "सर, व्याकरणाच्या नावालाच दोन रूपं? मग नियम कशाला म्हणायचं?"

सर म्हणाले, "कारण आहे, सारिका. जे शब्द आधी आले, खलाशांबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर, ते पूर्ण लॅटिन झाले. नाउता हा मुळात ग्रीकच, पण तो इतका मुरला की ओळखू येत नाही. नंतरचे शब्द शिकलेल्यांनी आणले, कवींनी आणले. त्यांना ग्रीक येत होतं, म्हणून त्यांनी ग्रीक शेवट तसेच ठेवले."

तिला ऐकू आलं, पण पटलं नाही. ती शाळेत अशाच गोष्टींवर मुलांचे गुण कापत होती. पुढच्या रविवारी पवन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी तिघे आले नाहीत. आणि मग भातकापणी सुरू झाली, तसं आक्कानेही जाणं सोडलं. दाजींना सांगितलं, कापणी आहे म्हणून. मला मात्र खरं सांगितलं: "ज्या भाषेत दोन्ही बरोबर असतं, ती शिकायची कशी?"

झोडणीला आम्ही टाकव्याहून वडिवळ्याला गेलो होतो, आई, आबा आणि मी. दरवर्षी जातो. खळ्यावर भाताचे भारे रचलेले, दाजींनी ट्रॅक्टर आणून उभा केलेला. आक्काची सासू कस्तुराबाई सुपाने भात वारवत होत्या. दाजी ट्रॅक्टर मागे घ्यायला बसले, आणि आमची आई शालूबाई एकदम ओरडली, "आवं थांबा! टॅक्टराच्या टायराखाली इळा पडलाय!"

मीही पळालो आणि ओरडलो, "दाजी, ट्रॅक्टरच्या टायरखाली विळा आहे!"

दाजी थांबले. मी विळा काढला. कामाला पुन्हा सुरुवात होणार, तर आक्का हातातली पेंढी तशीच धरून उभी.

"आई, आता काय म्हणालीस?"

"काय म्हनली? इळा पडलाय म्हनली."

"तसं नाही. आधी. कशाखाली?"

"टायराखाली. डोळं फुटलं का तुझं?"

"आणि सत्यम, तू?"

"टायरखाली," मी म्हणालो. मला काहीच उमजेना.

आक्का पेंढी टाकून खाली बसली. कस्तुराबाईंना वाटलं, उन्हाने चक्कर आली. त्या पाणी घेऊन धावल्या. आक्का हसत होती. म्हणाली, "टायराखाली आणि टायरखाली. दोघं एकाच वेळी ओरडलात. यांनी दोघांचं ऐकलं आणि गाडी थांबवली. बरोबर कुणाचं ते विचारलं का कुणी?"

मग तिने आम्हाला सोडलंच नाही. कस्तुराबाईंना विचारलं, "तुम्ही लोणावळ्याला कुठं उतरता?" त्या म्हणाल्या, "ठेशनावं, आनि कुटं?" मला विचारलं, मी म्हणालो, "स्टेशनवर." आईचा चहा 'हाटेलात', माझा 'हॉटेलमध्ये'. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून ती प्रत्येक पाहुण्या शब्दाला घरच्यासारखं वागवते. त्याला आ लावते, वाकवते, कामाला जुंपते. मला चार अक्षरं इंग्रजी येतं, म्हणून मी शब्दाला हात न लावता तसाच ठेवतो. आणि दोघांची मराठी चोख.

मी तिला आणखी एक सांगितलं. आमच्या कंपनीत जुने कामगार म्हणतात, "मशिनीवर उभा आहे," आणि नवीन इंजिनिअर पोरं म्हणतात, "मशीनवर."

आक्का ओरडलीच. "मशीन! अरे, तो शब्द मूळ ग्रीक. लॅटिनने तो घेतला, माखिना केला, पार आपलासा केला. तिथून फिरत फिरत इंग्रजीत गेला आणि तिथून तुमच्या कंपनीत आला. आणि इथं आल्यावर पुन्हा त्याच्या दोन विभक्त्या!"

आबा भारा खांद्यावर घेऊन उभे होते. म्हणाले, "ते समदं बराबर हाये. पर भात झोडायचं का न्हाई?"

पुढच्या रविवारी ती लोणावळ्याला गेली. हॉलमध्ये सर एकटेच बसले होते. फळा कोरा. तिने खडू मागितला आणि आईचं वाक्य आणि माझं वाक्य एकाखाली एक लिहिलं. मग सगळं सांगितलं. सरांनी ती दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचली. मग आतल्या बाजूला वळून म्हणाले, "शैला, गॅस बंद कर आणि बाहेर ये."

काकू आल्या. सर म्हणाले, "आयुष्यभर मी हा धडा इंग्रजीतल्या उदाहरणांनी शिकवला. इंग्रजीत नामाला विभक्तीचे प्रत्यय जवळजवळ राहिलेच नाहीत, तर पोरांना कळणार कसं? आपली भाषा घरात होती आणि मला सुचलं नाही." त्यांच्या आवाजात खंत नव्हती. ते खूश होते, एखाद्याचं जुनं दुखणं थांबावं तसे. पवनला त्यांनी तिथूनच फोन लावला. म्हणाले, "तो धडा पुन्हा होणार आहे. सारिका घेणार आहे. ये."

पवन आला. बाकीच्यांतले दोघं आले. आक्काने तो धडा 'टायराखाली'पासून सुरू केला आणि 'कोमेतेन'पर्यंत नेला. पवन मधेच म्हणाला, "म्हणजे कोमेताम तुमच्या आईचं आणि कोमेतेन सत्यमचं!" सरांनी टेबलावर थाप मारली. त्या दिवसापासून शाळेतही आक्का मुलांनी 'स्टेशनावर' लिहिलं तरी गुण कापत नाही आणि 'स्टेशनवर' लिहिलं तरी कापत नाही.

दोन वर्षांनी सर आजारी पडले. जिना चढणं बंद झालं. त्यांचा मुलगा वरद त्यांना आणि काकूंना पुण्याला घेऊन गेला. जाताना सर आक्काला म्हणाले, "फ्लॅट बंद होतोय, वर्ग नाही. काय?"

"नाही सर," ती म्हणाली.

तिने आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडून रविवारसाठी एक खोली मागून घेतली. कामशेतच्या बाजारात चिठ्ठ्या लावल्या. पहिल्या रविवारी कुणी आलं नाही. पवनची नोकरी बाहेरगावी लागली होती आणि लोणावळ्याचे दोघे कामशेतपर्यंत यायला तयार नव्हते. ती फळ्यावर तारीख लिहून बसून राहिली. थोड्या वेळाने दाराशी चपला वाजल्या. बघते तर अमृतदाजी, धुतलेला सदरा घालून. मागच्या बाकावर बसले.

"तुम्ही कशाला आलात?"

"शिकाया."

"भाताला पाणी कोण देणार?"

"दिऊन आलोय. तू सुरू कर. रिकाम्या खोलीत बोलायचं न्हाई, बाकी काय न्हाई."

दाजी बरेच रविवार एकटेच विद्यार्थी होते. आजही त्यांना नाउता आणि पोएता सगळ्या विभक्त्यांत येतात, आणि बांधावर काम करताना ते त्या म्हणतात, हे मी कानाने ऐकलंय. मग एकेक जण येऊ लागलं. तळेगावहून वनस्पतिशास्त्राच्या मुली आल्या, आल्या त्या मैत्रिणींना घेऊन. लोणावळ्याचा एक निवृत्त कंपाउंडर आला. औंढ्याची माधवी आली. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि शरीरातल्या नावांची भीती वाटायची. आता खोली भरते आणि उशिरा येणाऱ्याला बाक आणावा लागतो.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका कॉलेजात लॅटिन शिकवणाऱ्यांची बैठक झाली. देशभरातून माणसं आली होती. सरांनी आयोजकांना कळवलं, की ग्रीक नामांचा धडा कसा शिकवावा ते ऐकायचं असेल तर कामशेतच्या बाईंना बोलवा. बोलावणं आलं. आक्का म्हणाली, आईला आणि सत्यमला घेऊनच येणार. वाक्यं त्यांची आहेत.

मी इस्त्रीचा शर्ट घातला. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं. सर चाकाच्या खुर्चीत पहिल्या रांगेत, शेजारी काकू. आक्का इंग्रजीत बोलली. मला सगळं कळलं नाही, पण ती एकदाही अडखळली नाही हे कळलं. मोठ्या पडद्यावर देवनागरीत "टॅक्टराच्या टायराखाली" आलं आणि त्याच्याखाली माझं. त्या क्षणी माझी छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण जाईल असं वाटलं. केरळचे एक प्राध्यापक उठून म्हणाले, की आमच्या भाषेतही पाहुण्या शब्दांना अशाच विभक्त्या लागतात, मी आजच घरी फोन करून आईला बोलतं करणार. टाळ्या वाजल्या. मग कुणीतरी विचारलं, ते वाक्य मूळ आवाजात ऐकायला मिळेल का?

आईच्या हातात माइक दिला. ती घाबरली नाही. माइककडे बघून म्हणाली, "आता कशाला? इळा कवाच सापडला."

मराठी येणारे सगळे हसले, आणि मग त्यांनी शेजारच्यांना समजावून सांगितलं, तेव्हा तेही हसले. कर्णिक सर डोळे पुसत होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी आक्काचा हात धरून ठेवला. म्हणाले, "माझ्याबरोबर हे संपणार असं मी धरून चाललो होतो." काकू म्हणाल्या, "बघ, आता उच्चार मात्र बिघडू देऊ नकोस पोरांचे."

ही बातमी टाकव्यात पोचायला वेळ लागला नाही. आमच्या गावच्या यात्रेत दरवर्षी सत्कार होतात. आजवर पैलवानांचे झाले, फौजेत गेलेल्यांचे झाले. या वर्षी नावांत आक्काचं नाव. देवळासमोर मांडव, गाव सगळं बसलेलं. मागे आखाडा तयार होता, त्यामुळे लोकांना कुस्त्यांची घाई. माइकवर पुकारणारा गावातला पोरगा, संदेश, म्हणाला, "आता सारिकाताई, ज्यांनी गावाचं नाव लॅटिनमध्ये नेलं!" शाल, नारळ, फेटा झाला. फेटा आक्काला मोठा होत होता, तो आबांनी वर जाऊन नीट बसवला. ते खाली उतरणार, तोच मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, एक वाक्य बोला की त्या भाषेत!"

आक्काने आबांचा हात धरून त्यांना तिथंच थांबवलं. माइकवर म्हणाली, "पातेर मेउस आग्रिकोला एस्त."

आबांनी तिच्याकडे बघितलं. माइक जवळच होता, त्यामुळे त्यांचा आवाज गावभर गेला:

"बापाला कोला म्हनतीस व्हय?"

मांडवात जो हशा उठला, तो आखाड्यापर्यंत गेला. आक्कालाही हसू आवरेना. हसत हसतच तिने अर्थ सांगितला, "कोल्हा नाही आबा. आग्रिकोला म्हणजे शेतकरी. माझे वडील शेतकरी आहेत, असं म्हणाले मी."

आबांनी स्वतःची टोपी सरळ केली, माइक आपल्याकडे वळवला आणि म्हणाले, "मंग बराबर हाये. आनखी एकदा म्हन. मागच्यास्नी ऐकू गेलं नसंल."

आक्काने पुन्हा म्हटलं, अगदी सावकाश, त म्हणजे त.